राखणदारांची चूक

आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने त्याला आठवतील. स्वतः घेतली नसली तरी गल्लीतल्या कुणी तरी घेतलेली असत, आणि मुलांना कुत्र्यापेक्षा त्या सुईचीच धास्ती जास्त वाटे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास कसौलीला ती विकसित केली आणि २००४ च्या अखेरीस उत्पादन थांबेपर्यंत ती भारतभर दिली गेली. तिने असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याला लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत पाय लुळे पडत, लघवी अडे, शुद्ध हरपे. हा रेबीज नव्हता. लशीबरोबर मेंढीच्या मेंदूतले मायलिन शरीरात गेले होते. रोगप्रतिकारक पेशींनी ते परके म्हणून ओळखले, आणि त्याच ओळखीच्या जोरावर त्या माणसाच्या स्वतःच्या मेंदूतल्या मायलिनवर तुटून पडल्या.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले थॉमस रिव्हर्स यांनी हे कोडे १९३३ मध्ये प्रयोगशाळेत नेले. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडांचे पाय गेले, आणि त्यांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांभोवती पेशींची गर्दी व मायलिनची झीज दिसली. कोणताही जंतू नसताना शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मेंदूला इजा करू शकतात, हे त्यातून दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या रोगात कुणी काही टोचत नाही, तरी घडते ते याच जातीचे. या पुस्तकाचा विषय तोच आहे: एमएसमध्ये कोणत्या प्रतिकारपेशी काय करतात, आणि त्यावरून त्या माणसाचे पुढे काय होते.

आधी मायलिनबद्दल थोडे. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरला प्लास्टिकचे आवरण असते तसे मज्जातंतूला मायलिनचे, असे सांगायची पद्धत आहे. उपमा सोयीची आहे, पण अर्धीच खरी. प्लास्टिक निर्जीव असते. मायलिन म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या जिवंत पेशीने आपलेच अंग तंतूभोवती गुंडाळून केलेले वेष्टन. त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या घेत जातो, म्हणून तो इतक्या वेगाने पोचतो. वेष्टन गेले की तो रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो. वेष्टन काही प्रमाणात पुन्हा तयार होते, म्हणून गेलेली नजर परत येते, बधिर पाय पुन्हा चालू लागतो. पण उघडा पडलेला तंतू फार काळ तग धरत नाही, आणि मेंदूतला तुटलेला तंतू पुन्हा जोडला जात नाही. एमएसच्या रुग्णाचे भवितव्य या दोन गोष्टींच्या ओढाताणीत ठरते.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या बाईंची हकिगत सांगतो. एके सकाळी आरशासमोर कुंकू लावताना त्यांना ते विटकरी दिसले. डबी जुनी झाली असेल म्हणून त्यांनी नवी आणली, तीही तशीच. मग सहज उजवा डोळा झाकला तर रंग आणखी फिका. डावा झाकला तर लालभडक. डाव्या डोळ्याचे बुबुळ हलवले की आत ठणका लागे. दुकानातून थेंब आणून घातले. तीन आठवड्यांत नजर बरीच सुधारली आणि गोष्ट विसरली गेली. दीड वर्षाने कमरेखाली मुंग्या आल्या, पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखे वाटू लागले, चालताना चप्पल पायातून निसटे आणि ते कळतही नसे. मणक्याचा त्रास म्हणून औषधे झाली, अशक्तपणा म्हणून सलाइन झाले, घरच्यांच्या समाधानासाठी अंगारेधुपारेही झाले. डोळा आणि पाय यांची सांगड कुणीच घातली नाही, कारण कुणी विचारलेच नाही आणि त्यांनाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. एमआरआय झाला तेव्हा पहिल्या लक्षणाला दोन वर्षे होऊन गेली होती. निदान समजावून सांगितल्यावर त्यांनी मला एकच विचारले, “डॉक्टर, माझंच रक्त माझ्यावर कामून उलटलं?”

या प्रश्नाला धड मराठीत उत्तर देता येईना, म्हणून हे पुस्तक लिहायला घेतले. लिहिता लिहिता एक गोष्ट पक्की होत गेली. पेशींची ही विद्या फक्त संशोधकांपुरती नाही. कोणती पेशी कधी आणि कुठे असते, हे कळले की त्या दोन वर्षांची किंमत कळते. पुस्तकाचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे.

रोगाला नाव मिळाले पॅरिसमध्ये. साल्पेत्रिएर रुग्णालयातले झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये रुग्णाची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेले कडक चट्टे यांचा मेळ घालून हा स्वतंत्र रोग असल्याचे मांडले. स्क्लेरोसिस म्हणजे कडकपणा, आणि चट्टे अनेक, म्हणून मल्टिपल. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, एडुआर्ड रिंडफ्लाइश यांना सूक्ष्मदर्शकाखाली चट्ट्याच्या मध्यभागी एक रक्तवाहिनी दिसली होती. एडिंबराचे जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये त्या वाहिन्यांभोवती जमलेल्या पेशींचे बारकाईने वर्णन केले. रोग रक्तवाटे आत येतो, ही खूण तेव्हापासून डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ लागायला मात्र अर्धे शतक गेले, कारण प्रतिकारपेशी स्वकीयांवर हल्ला करतील ही कल्पनाच वैद्यकाला रुचत नव्हती. पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर असे सांगितले होते की, शरीराला स्वतःला विषारी ठरण्याचे भय असते आणि ते तसे होऊ देत नाही. त्यांच्या या म्हणण्याचा दबदबा फार काळ टिकला.

पुढे शोध वेगाने लागत गेले. १९४० च्या दशकात एल्विन कॅबॅट यांनी एमएसच्या रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रतिद्रव्यांचे प्रमाण वाढलेले दाखवले. ती तपासणी आजही होते; जेलवर ती प्रतिद्रव्ये वेगवेगळ्या पट्ट्यांसारखी उमटतात. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी निरोगी उंदरांत सोडून रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेला. १९८१ मध्ये बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी मायलिन ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या वाढवल्या. तेवढ्या एका जातीच्या पेशीही रोग निर्माण करायला पुरेशा ठरल्या. मग १९९० च्या आसपास एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मायलिन ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडल्या. म्हणजे अशा पेशी तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. त्या आपल्यात शांत का राहतात आणि काहींच्यात का पेटतात, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि संशोधनाचे सगळे पंथ त्याच्याभोवती जमले.

पहिला आणि सर्वांत जुना पंथ टी पेशींचा. त्याच्या मते चूक मेंदूबाहेर होते. एखाद्या संसर्गाशी लढताना टी पेशी चेतवली जाते. त्या जंतूचा एखादा तुकडा मायलिनसारखा असला तर ती दोहोंत गल्लत करते. मग ती मेंदूच्या बारीक रक्तवाहिनीत पोचते. एरवी या वाहिनीची भिंत पेशींना सहजी आत सोडत नाही. चेतवलेली टी पेशी मात्र भिंतीच्या आतल्या बाजूला घासत घरंगळते, हळू होते, आपल्या अंगावरच्या व्हीएलए-४ नावाच्या आकड्याने भिंतीला अडकते, चपटी होते आणि दोन पेशींच्या सांध्यातून आत शिरते. आत गेल्यावर मायलिनचा तुकडा पुन्हा समोर आला की ती रसायने सोडून बाहेरून कुमक बोलावते. मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी येतात आणि मायलिन अक्षरशः गिळतात. या टी पेशींत १७ क्रमांकाची एक आक्रमक जात २००५ च्या सुमारास ओळखली गेली. हार्वर्डमध्ये काम करणारे, मूळचे भारतीय असलेले विजय कुच्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की ही आक्रमक जात आणि तिला आवरणारी शांत जात या दोन्ही एकाच कोवळ्या पेशीतून, आसपासच्या रसायनांच्या फरकाने घडतात.

या पंथाने उपचार दिले, तसा धडाही दिला. १९८७ मध्ये हिलेल पॅनिच यांनी १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन देऊन पाहिले. त्यांपैकी सात जणांच्या रोगाने उचल खाल्ली. प्रतिकारशक्ती “वाढवणे” हे नेहमीच भल्याचे नसते, हे तिथे स्पष्ट झाले. आपल्याकडे टॉनिके, काढे आणि प्रतिकारशक्तीची चूर्णे ज्या विश्वासाने घेतली जातात तो विश्वास पाहता, एमएसच्या रुग्णाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. बीटा इंटरफेरॉन मात्र उपयोगी ठरले आणि १९९३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एमएसचा मार्ग बदलणारे ते पहिले औषध.

दुसरा पंथ बी पेशींचा. बी पेशी प्रतिद्रव्ये बनवतात एवढेच आपण शाळेत शिकतो. २००८ मध्ये रिटुक्सिमॅबच्या चाचणीने सगळ्यांना चकित केले. हे औषध रक्तातल्या बी पेशी नाहीशा करते, पण प्रतिद्रव्ये ओतणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशींना हात लावत नाही. प्रतिद्रव्यांची पातळी फारशी घटली नाही, तरी मेंदूतले नवे चट्टे काही आठवड्यांतच जवळजवळ थांबले. म्हणजे बी पेशींचा दोष त्यांच्या प्रतिद्रव्यांपेक्षा टी पेशींना शिकवण्यात आणि चिथावण्यात अधिक होता. याच वाटेने ओक्रेलिझुमॅब आले आणि २०१७ मध्ये मान्य झाले.

बी पेशींनी तिसरा धागाही हाती दिला, कारण एप्स्टाइन-बार विषाणू त्यांच्यातच आयुष्यभर दडून राहतो. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. एमएस झालेल्या आणि रक्ताचे नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ जणांत या विषाणूची लागण न झालेला एकच सापडला. लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतले ग्लायलकॅम हे प्रथिन यांतले साम्य दाखवले. पण जगातल्या बहुतेक प्रौढांना या विषाणूची लागण झालेली असते आणि एमएस फार थोड्यांना होतो. म्हणून विषाणू हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर जनुके, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता अशा अनेक गोष्टी पुढचे ठरवतात.

चौथा पंथ आतल्या पेशींकडे बोट दाखवतो. २००४ मध्ये बार्नेट आणि प्रिनियास यांनी अगदी ताज्या चट्ट्यांत बाहेरच्या पेशी पोचण्याआधीच ऑलिगोडेंड्रोसाइट मरत असल्याचे नोंदवले. मूळ बिघाड आतच होतो आणि प्रतिकारपेशी नंतर धावून येतात, असे काहींचे म्हणणे आहे. हा वाद मिटलेला नाही. पण त्यामुळे मायक्रोग्लिया या पेशी प्रकाशात आल्या. त्या मेंदूतच जन्मभर राहणाऱ्या राखणदार. काही जुन्या चट्ट्यांच्या कडेला त्या लोह साठवून बसतात, आणि राखेखालच्या निखाऱ्यासारखा चट्टा वर्षानुवर्षे कडेने धुमसत, हळूहळू वाढत राहतो.

आणि पाचवी बाजू शमनाची. शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी ओळखल्या. या शोधासाठी त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ चे नोबेल मिळाले. एमएसच्या रुग्णांत या पेशींची संख्या पुरेशी असूनही त्यांचा धाक कमी पडतो, असे २००४ मध्ये दिसले. इतकेच नव्हे, झडलेले मायलिन साफ करून दुरुस्तीला जागा करून देण्याचे कामही प्रतिकारपेशीच करतात. म्हणून या पुस्तकात कोणत्याही पेशीला खलनायक ठरवलेले नाही. रानडुकरे हाकलायला माचाणावर बसवलेला राखणदार अंधारात घरच्याच माणसावर दगड मारतो, तेव्हा त्याला कायमचा हाकलून दिला तर पीकही जाते. त्याला ओळख पटवून देता आली तर ती खरी वाट.

आता मुख्य मुद्दा, परिणामांचा. सुमारे ८५ टक्के रुग्णांत रोग उचल आणि उतार अशा पायऱ्यांनी सुरू होतो. १० ते १५ टक्क्यांत पहिल्यापासून संथपणे वाढत जातो. प्रभावी औषधे नव्हती तेव्हा कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा झाला. त्यांत निम्म्यांना सुमारे पंधरा वर्षांत चालायला काठी लागली. आज ओक्रेलिझुमॅब दिल्यास बीटा इंटरफेरॉनच्या तुलनेत उचल खाण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. तेच औषध सुरुवातीपासून संथ वाढणाऱ्या रोगात दिले, तर अपंगत्व वाढण्याचा धोका २४ टक्केच घटतो. औषध तेच, पेशीही त्याच. मग फरक का? कारण सुरुवातीच्या वर्षांत हल्ला रक्तातून येतो, आणि रक्तातल्या पेशींना औषधाने गाठता येते. पुढे काही पेशी मेंदूच्या आवरणांत ठाण मांडतात, तिथेच बी पेशींच्या वसाहती वसतात, चट्ट्यांच्या कडेला मायक्रोग्लिया धुमसत राहतात. भिंत आता त्यांच्या मागे बंद झालेली असते, आणि आपली बहुतेक औषधे भिंतीच्या अलीकडेच थांबतात. या आतल्या पेशींपर्यंत पोचणाऱ्या औषधांचा शोध जोरात आहे. टोलेब्रुटिनिबच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उचल थांबून संथ वाढणाऱ्या रोगात अपंगत्व वाढण्याचा धोका सुमारे ३१ टक्के घटला, पण यकृताला होणाऱ्या इजेचा प्रश्न सोबत आला.

तोवर हाती आहे ती वेळ. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय आणि स्वीडिश नोंदींवरून दिसले की, रोग सुरू झाल्यापासून दोन वर्षांत प्रभावी औषध मिळालेल्यांचे अपंगत्व, तेच औषध चार ते सहा वर्षांनी मिळालेल्यांपेक्षा पुढेही कमी राहिले. अंबडच्या बाईंची दोन वर्षे कुठे गेली, याचे उत्तर या ओळीत आहे.

औषधांच्या गोष्टी इथे पेशींच्या गोष्टी म्हणूनच सांगितल्या आहेत. नॅटॅलिझुमॅब टी पेशीचा व्हीएलए-४ हा आकडा बंद करते. मग ती भिंतीला अडकतच नाही. उपाय जालीम, पण मेंदूत पहारा उरत नाही. मान्यतेनंतर काही महिन्यांतच, २००५ मध्ये, ते बाजारातून काढावे लागले, कारण एरवी निद्रिस्त असणाऱ्या जेसी विषाणूने काही रुग्णांचा मेंदू पोखरला. पुढच्या वर्षी ते कडक देखरेखीसह परत आले. फिंगोलिमॉड टी पेशींना लसिकाग्रंथींतच कोंडून ठेवते. प्रत्येक औषधाची किंमत पहाऱ्याच्या रूपात चुकवावी लागते, आणि क्षयरोग व कावीळ ‘ब’ घरोघरी भेटणाऱ्या आपल्या भागात औषधाआधी या दोहोंची तपासणी टाळता येत नाही. मूळपेशी उपचारांबद्दलही एक गैरसमज आहे. स्वतःच्याच रक्तमूळपेशी परत देऊन केला जाणारा मान्यताप्राप्त उपचार नवे मज्जातंतू उगवत नाही. तो बिघडलेली प्रतिकारव्यवस्था पुसून नव्याने उभी करतो. “मेंदू नवा करून देऊ” अशा जाहिरातींवर शेत विकण्याआधी हा फरक घरच्यांना माहीत हवा.

एमएस हा थंड देशांचा रोग, आपल्याकडे नसतोच, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती मोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. एस. सिंघल यांनी १९८५ मध्ये भारतीय रुग्णांचा अनुभव मांडला. १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजात हा रोग आढळतो, हे दाखवून दिले. इराणातून येऊन शतकानुशतके याच मातीत राहिलेल्या समाजात तो इतर भारतीयांपेक्षा जास्त दिसावा, यातून वंश आणि वातावरण या दोहोंचे वजन तोलण्याची दुर्मीळ संधी मिळाली. १९८५ मध्येच मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. मंगळूर शहरातल्या पाहणीत लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर आहे. मंगळूरचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निम्मा धरला तरी ऐंशीच्या आसपास माणसे होतात. त्यांतली बरीच आज कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात मणक्याचे, अशक्तपणाचे किंवा “मनाचे” औषध घेत असतील, अशी माझी भीती आहे.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी लागते. डोळा आणि मज्जारज्जू यांवर जोरदार घाला घालणारा, एमएससारखा भासणारा एक वेगळा रोग आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. युजेन डेव्हिक यांनी १८९४ मध्ये तो वर्णिला. २००४ मध्ये त्याचे प्रतिद्रव्य सापडले, आणि ते मायलिनवर नव्हे, तर अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवरच्या पाण्याच्या वाहिन्यांवर बसते हे पुढच्या वर्षी कळले. एमएसची काही औषधे या रोगात दिली तर तो बिघडतो. म्हणजे पेशी ओळखण्यात चूक झाली तर औषधच घातक ठरते.

जालन्यात बसून लिहिताना काही गोष्टी ठळक दिसतात. पहिली उन्हाची. मोसंबीच्या बागेत मे महिन्याच्या दुपारी पाणी धरणाऱ्या किंवा लोखंडाच्या भट्टीजवळ पाळी करणाऱ्या रुग्णाची नजर अचानक अंधुक होते, पाय जड होतात. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले. इथे नवा हल्ला झालेला नसतो. उघड्या पडलेल्या तंतूतून गरम अंगात संदेश नीट जात नाही, एवढेच. सावलीत बसून ओला पंचा मानेवर टाकला की बहुधा तासाभरात बरे वाटते. यासाठी स्टिरॉइडच्या बाटल्या चढवायच्या नसतात.

दुसरी डोळ्यांची. सुमारे पाच रुग्णांतल्या एकाची पहिली तक्रार डोळ्याची असते, आणि डोळ्यांच्या उपचारासाठी जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयाचे नाव मराठवाडा-विदर्भात सर्वदूर आहे. निदानाच्या २०२४ च्या सुधारित निकषांत दृष्टिमज्जातंतूला चट्ट्याची स्वतंत्र जागा म्हणून स्थान मिळाले, चट्ट्याच्या मध्यभागच्या रक्तवाहिनीची खूणही त्यांत आली. रिंडफ्लाइश यांनी पाहिलेली ती वाहिनी दीडशे वर्षांनी एमआरआयवर उपयोगी पडते आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यात नेत्रतज्ज्ञ हा या रोगाचा पहिला साक्षीदार ठरू शकतो.

तिसरी पैशांची. नवी औषधे शेतकरी घराच्या आवाक्याबाहेर आहेत. पण रिटुक्सिमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून मिळते. २०२२ च्या एका स्वीडिश चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांच्याच रोगाने उचल खाल्ली, तर डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिटुक्सिमॅबचा एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एमएसचा नावानिशी उल्लेख आहे, हेही फार थोड्या घरांना ठाऊक असते.

चौथी गोष्ट बायकांची. एमएस स्त्रियांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे ऐन लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयात. निदान कळताच माहेरी धाडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या सासरी कुणीतरी सांगायला हवे होते की हा रोग संसर्गाने पसरत नाही आणि मूल होण्याच्या आड येत नाही. उलट पोटातल्या गर्भाला परका न मानण्यासाठी शरीर आपल्या प्रतिकारपेशींना आवरते, आणि त्यामुळे गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोगाची उचल लक्षणीय घटते. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ती पुन्हा वाढते. तेव्हा लक्ष हवे, विश्रांती हवी, आणि औषधांचे नियोजन आधीच झालेले हवे.

हे पुस्तक तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी आहे, आणि तितकेच रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी आहे. प्रत्येक पेशीला इथे तीन प्रश्न विचारले आहेत: ती एरवी काय काम करते, एमएसमध्ये तिची ओळख कुठे चुकते, आणि त्या चुकीने माणसाच्या चालण्याबोलण्यात, पाहण्यात, कामात काय फरक पडतो. जिथे संशोधकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत. टी पेशी, मायलिन, मायक्रोग्लिया हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण रिपोर्टवर तेच येतात आणि रुग्णाला ते ओळखता आले पाहिजेत. बाकी सगळे घरच्या भाषेत. उपचार ठरवणे हे या पुस्तकाचे काम नाही; ते मेंदूविकारतज्ज्ञांचे. त्यांच्याकडे वेळेत पोचवणे एवढे काम मात्र ते करू पाहते.

छपाईला जाण्याआधी हस्तलिखिताची काही पाने मी अंबडच्या त्या बाईंना वाचायला दिली. त्यांचे औषध आता नियमित चालू आहे आणि दोन वर्षांत रोगाने उचल खाल्लेली नाही. न कळलेल्या शब्दांभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केले होते; ती सगळी वाक्ये मी पुन्हा लिहिली. एकेक डोळा झाकून लाल रंग पाहण्याची साधी परीक्षा जिथे सांगितली आहे, त्या पानाच्या कडेला मात्र गोल नव्हता. तिथे त्यांनी लिहिले होते, “हे पान सगळ्यात आधी घ्या.” म्हणून पुस्तक त्या पानापासून सुरू होते.

जालना